बारूदघरातला अंधार

४ फेब्रुवारी १९७८
पोचलो एकदाचे! तुमसरपर्यंत बस, पुढे मँगनीजचा रिकामा ट्रक. मागे आमच्या ट्रंका आणि ट्रंकांवर बायको, चंद्रकांता. उतरली तेव्हा भुवयांपर्यंत काळी धूळ. आरसा दाखवला तर चक्क हसली! आमचा लहानगा सुमंत घटसर्पाने गेला त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून घरातलं बोलणं मीठ-तेलापुरतंच उरलं होतं. तिला माणसांत आणावं म्हणूनच ही पाळकाची जागा मी मागून घेतली.
चिखल्याच्या पलीकडची ही लहानशी खाणवस्ती. आपल्या ख्रिस्ती मंडळीची घरं तेरा. प्रार्थनेची जागा मात्र नामी आहे. पूर्वी खाणीची स्फोटकं ठेवायची दगडी कोठी, खिडकी एकही नाही, दार एकच. लोक अजून बारूदघरच म्हणतात. भर दुपारीही कंदील लागतो.

५ फेब्रुवारी, रविवार
पहिली उपासना. मध्येच वाऱ्याने दार आपटलं, कंदील विझला. लगेच पहिल्या रांगेपासून एकेक जण मोठ्याने आपलं नाव सांगू लागला, भोजराज, रंभाबाई, जागेश्वर... शेवटच्या माणसापर्यंत! मला हसू आवरेना. भोजराज म्हणजे मंडळीतला वडीलधारा, तीस वर्षं खाणीत उतरलेला. त्याने समजावलं, "खाणीत बत्त्या गेल्या का आमी नावं सांगतो, पास्टर. जो बोलत नाई त्याले आधी धरून बाहेर आणतो. त्याले तेथंच बरं वाटून रायते." देवाच्या घरात असली भुताटकी मी चालू देणार नाही.

१० फेब्रुवारी, शुक्रवार
उपवासकाळातल्या दर शुक्रवारी बारा ते तीन अंधारात प्रार्थना, असं मी ठरवलं. आज प्रवचन झकास जमलं. लोक अंधार सैतानाचा समजतात. पण मोशे ज्या काळ्या ढगात शिरला त्यात देवच होता. मंदिराच्या अगदी आतल्या खोलीला खिडकी नव्हती. आपला प्रभू क्रुसावर असताना भर दुपारी अंधार पडला. देव राहायला अंधारच निवडतो, म्हणालो, कारण त्याचं तोंड पाहून माणूस जगत नाही.
नावं सांगायची नाहीत, अशी ताकीद दिली. भोजराज उठला. अंधारात आपल्यात कोण बसून राहिला ते मालूम पायजे, म्हणाला. मी विचारलं, मोशेची हजेरी कोणी घेतली होती? खाली बसला.
बाहेर आली तेव्हा चंद्रकांताच्या चेहऱ्यावर तेज होतं. जेवताना दोनदा भात घेतला. आत सुमंतचा श्वास ऐकू आला, म्हणाली. मी तिचा हात धरून रडलो. देवा, तुझे उपकार कसे फेडू?

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
नऊच माणसं आली. तीन वाजता सगळे उठले, चंद्रकांता उठेना. ओढून आणावी लागली. रंभाबाई तिच्या शेजारी बसली होती. दोघींच्या मध्ये कोणीतरी येऊन बसलं, म्हणते, आणि जागा पुरेना म्हणून ती सरकत सरकत भिंतीला लागली. आता येणार नाही म्हणाली. नको येऊस!

२४ फेब्रुवारी, शुक्रवार
आम्ही दोघंच. मंडळी भोजराजच्या अंगणात जमते. विहिरीवर बायका चंद्रकांताला घागर बुडवू देत नाहीत. दुकानदार मला पाहून फळी लावून दुकान बंद करतो. "बाईले घेऊन आजच्या आज निंगा," भोजराज दारात उभा राहून म्हणाला, आत आला नाही. मी हाकलून दिलं. दीड वर्षांनी माझी बायको गाणं म्हणते आहे, आणि मी निघू?

३ मार्च
आता ती रोज जाते. घराच्या खिडक्यांनाही पोती लावलीत. उजेडाने सुमंतचे डोळे दुखतात, म्हणे. आज तिच्या शेजारी बसलो. श्वास मलाही ऐकू आला. पण लेकराचा श्वास एवढा लांब नसतो. मी वीस मोजले तरी तो आत ओढणंच चाललं होतं.

७ मार्च
चुकलो. तिच्या नावाने दहा हाका मारल्या. आतून ओ आली नाही, अंगाईच ऐकू आली. भोजराजचे पाय धरले. नाव सांगायला लावा तिला, म्हणालो. तो म्हणाला, नाव पहिल्या दिवशीच घ्यायला पायजे होतं, आता ते तिच्यापाशी नाही.

९ मार्च
बाहेर येत नाही. दोन दिवस अन्न नाही. वस्ती दगड आणि चुना घेऊन जमली आहे. दार बुजवणार — मी आडवा पडलो. भोजराज म्हणतो उद्या दुपारपर्यंत, पुढे नाही —

१० मार्च, शुक्रवार
चाचपडत गेलो. ती सापडली. अंग गरम आहे, जिवंत आहे! मांडीवर कोणाचं तरी डोकं. हात फिरव, म्हणाली, झोपलाय. फिरवला. कपाळ. वीतभर. मग आणखी वीत. मग हात पुरेल तितकं, आणि कपाळच — भुवई लागली नाही — तिच्या मांडीवर एवढं कसं —
पळालो. उंबऱ्यावर बसून लिहितोय. तू देव असशील तर सोड तिला. कोणी का असेनास, सोड.
बारा वाजले. चुना कालवताहेत. भोजराजने कंदील पेटवून पुढे ठेवला. उजेडात ओढून आणा नाहीतर बाजूला व्हा, म्हणतो.
ती हाक मारते आहे. तो जागा झाला, म्हणते. बाबांना बोलावतो —
कंदील नेला तर ते तोंड तिला दिसेल. आणि मीच शिकवलं की ते पाहून कोणी — नाही नेला तर दार —
उठलो. कंदील हातात —
नको, आधी तिला डोळे मिटायला सां