पाठीवरचं नाव

अहो,

आपल्या समृद्धीच्या कबड्डी टीमचे टी-शर्ट आणायला दौंडला चाललीय. शिरूरचा दुकानदार म्हणला, "ताई, एवढ्या थोड्या नगांची छपाई परवडत न्हाई." दौंडचा दुसऱ्या मोठ्या ऑर्डरीबरोबर आपलेबी स्वस्तात छापून देतोय.

भाकरी टोपल्यात हाय. पिठलं गरम करून घ्या.

तुम्ही खेळायला नको म्हणल्यापासून पोरगी तुमच्याशी बोलत न्हाई. पण बाकीच्या पोरींनी पाठीवर स्वतःचं नाव टाकलंय, आन् तिनं तुमचं. मी विचारलं, तर म्हणाली, "आप्पा येणार न्हाईत. निदान त्यांचं नाव तरी मैदानात येऊ दे."

उद्या सकाळी कोरेगाव भीमाला मॅच हाय. तुम्ही याल असं मी तिला काहीच कबूल केलं न्हाई. तुमचा पांढरा शर्ट तेवढा इस्त्री करून ठेवलाय.

सविता