बकुळने लावलेली बटणं

१४ मार्च १९८६
आज पावणेपाचला माझं आयुष्य बदललं. शेजारच्या बकुळने माझा कारखान्याचा शर्ट घेतला, अंगणात फटकन झटकला. सोनेरी धूळ उन्हात उडाली, तिच्या केसांवर बसली. मग तुटलेलं बटण लावून दोरा दाताने तोडला. प्रॅक्टिकलच्या सरांवर स्टूल फेकून कॉलेज सोडलं, कारखान्यात लागलो, ते बरंच झालं.
मला नीलकंठभैया म्हणते. झाशीत सगळ्यांनाच भैया म्हणतात. मनावर घ्यायचं नाही.

२२ मार्च
संकल्प : दर शनिवारी एक बटण तोडणे.
भीमरावांशी वाजलं. बबीन्याच्या छावणीतून रिटायर झालेले फौजी. आम्ही दोघं बेरिलियम मिसळलेल्या तांब्याचे हातोडे घासतो. दारूगोळ्याजवळ ठिणगी न उडणारे हातोडे लागतात. भीमराव तोंडाला ओला गमछा बांधतात, सुट्टी झाली की नळाखाली अंघोळ, कपडे बदलूनच घरी. म्हटलं, सोवळं नेसूनच या ना. म्हणाले, हसू नकोस रे, ही भुकटी छातीत बसली की उठत नाही. कपडे इथेच ठेवत जा.
इथे ठेवले तर बटणं कोण लावणार?

३ मे
बकुळ म्हणाली, फिर टूट गया? तुमची छाती फुगतेय की बटणंच कच्ची? छातीकडे तिचं लक्ष आहे!

९ नोव्हेंबर
बकुळ खोकते. कोरडा खोकला, भिंतीपलीकडून ऐकू येतो. मी घरी आलो की वाढतो. ओळखलं. हाक मारायला लाजते.

१७ जुलै १९८७
वाळलीय. जिन्यात दोनदा थांबते. विरह. (रोज भेटतो, तरीही.) उद्या मागणी घालणार.

१८ जुलै
नारायणराव घरात होते. तिचे वडील, ट्रेझरीत हेडक्लार्क. राहिलं.

२ डिसेंबर
डॉक्टर टीबी म्हणतात. थुंकीत काही सापडत नाही आणि टीबी! सिव्हिल लाइन्सला जाऊन डॉक्टरची कॉलर धरणार होतो, सायकल पंक्चर. आता लोक तिच्याकडे जायचं टाळतील. मी त्यातला नाही. आज दोन बटणं दिली.

११ सप्टेंबर १९८८
नऊ महिने गोळ्या, गुण शून्य. ग्वाल्हेरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात धातूचं काम कोण करतं? ते कळलं तर औषध बदलता येईल. नारायणराव म्हणाले, कोणी नाही, मी तर फायलींत असतो. जिन्यात मलाच सांगत होते. मी म्हटलं, डॉक्टर काहीही विचारतात.
माझी छाती ठणठणीत. पन्नास दंड काढले.

१३ सप्टेंबर
घासायचं मशीन बंद केलं तरी खोकला ऐकू येतो. भीमरावांना विचारलं, तुम्हाला येतो का ऐकू? नाही म्हणाले. मग माझ्या शर्टाकडे बघून विचारलं, घरी कोण झटकतं रे हा? मी म्हटलं, कोणी नाही.

२० सप्टेंबर
उद्या नारायणरावांना सांगणारच.

२१ सप्टेंबर
डोकं दुखत होतं.

२८ सप्टेंबर
पितृपक्षात असलं बोलू नये.

१२ ऑक्टोबर
पितृपक्ष संपला.
खोलीची खिडकी बंद ठेवतो. फटीतून तिरीप येते, तिच्यात धूळ तरंगते. साधीच असेल. शर्ट काढून बसतो, तरी खाली बसत नाही. मी श्वास रोखला की भिंतीपलीकडे खोकला येतो. तीनदा करून पाहिलं.

१६ ऑक्टोबर
सांगितलं. मागणीसकट साडेतीन पानं पाठ केली होती. तोंडातून एकच निघालं : धातूचं काम मी करतो, शर्ट बकुळ झटकायची.
नारायणराव ओरडले तर मीही ओरडणार होतो. ओरडले नाहीत. ग्वाल्हेरला पत्र लिहायला कागद काढला आणि धातूचं नाव, स्पेलिंग विचारलं. सांगितलं. त्यांनी माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणून घेतलं. अक्षर ट्रेझरीतलंच.
बकुळ तीन उशांना टेकून होती. मी उभा राहिलो, ती शिव्या देईल म्हणून. तिने दम गोळा केला. म्हणाली, नीलकंठभैया, जाताना दार ओढून घ्या. मला उठवत नाही.
बाहेर आलो. दार ओढून घेतलं.