कुंपण नसलेलं झाड

अवधपुरी, भोपाळ
२२ फेब्रुवारी २०२६

ती. सौ. स्नेहाताईस,
सत्यजितचा सा. सलाम. वि. वि.

उपासकाळ लागला. आईच्या नियमाप्रमाणे ईस्टरपर्यंत फोन फक्त कामापुरता, बाकी सगळं पत्राने. इंग्लिश मीडियमच्या पोराचं अक्षर आहे, हसू नकोस. बाळ कसं आहे? आई तिकडे नाशिकला नातीत रमली आणि मी इकडे दोन माणसांचा संसार ओढतोय.

आधी चांगली बातमी. काल मंडळीच्या यूथ मीटिंगमध्ये मी बोललो. विषय माझा आवडता, सरकार छोटं, माणूस मोठा. म्हटलं, देवाने राज्यकर्त्याच्या हातात तलवार दिली ती चोरांना धाक म्हणून. प्रत्येकाच्या ताटात काय वाढायचं ते ठरवायला पळी नाही दिली. पण ज्याला छोटं सरकार पाहिजे त्याने स्वतःला आवरायला शिकलं पाहिजे, कारण जो स्वतःला आवरत नाही त्याला आवरायला कुणीतरी येतंच. क्या टाळ्या पडल्या ताई! पाळकसाहेबांनीही मान हलवली. झोपेत नव्हते, मी नीट बघितलं.

आता पप्पा. उजव्या पायाच्या अंगठ्याखालची जखम भरत नाहीये. डॉक्टर स्पष्ट बोलले की शुगर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल. प्लांटमधून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी नुक्कडवरच्या टपरीत पोहे-जलेबी चालू होतं, तुला माहीतच आहे. आईने जाताना चार्ज माझ्याकडे दिला, तर मी पण घेतला. गोडाच्या कपाटाला कुलूप. नुक्कडच्या भैयाला सांगून ठेवलंय की यांना जलेबी द्यायची नाही. खालच्या मजल्यावरचा तुषार बाल्कनीतून नजर ठेवतो. सगळं एकदम टाइट. पप्पा काही बोलत नाहीत, म्हणजे त्यांना पटलंय. तू बिलकुल टेन्शन घेऊ नकोस.

आईला सलाम, संकेत भावजींना सलाम, बाळाला पापा. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
सत्या

नाशिक
१ मार्च २०२६

चि. सत्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तुझ्या भाषणापर्यंत ती कौतुकाने ऐकत होती. कुलपापाशी आले आणि ती इतकी हसली की बाळ दचकून रडायला लागलं. अरे शहाण्या, कुलूप तू लावलंस, दुकानदाराला हुकूम तू दिलास, बाल्कनीत हेर पण तूच बसवलास. हे कुठल्या साइजचं सरकार म्हणायचं? ताटातली पळी कुणाच्या हातात आहे सध्या?

पण गंमत बाजूला. कुलूप काढू नकोस. तुझी तत्त्वं यूथ मीटिंगपुरती ठेव, घरात आईचा कायदा चालू दे. पप्पांना मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते. त्यांना एक जलेबी दिली की ते दुसरी मागत नाहीत, सरळ उचलतात. ईस्टरनंतरच्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा ठरलाय. मला पप्पा तिथे उभे पाहिजेत, स्वतःच्या दोन्ही पायांवर, पूर्ण अंगठ्यांसकट.

संकेत म्हणतो, सत्याला पुढच्या निवडणुकीत उभं करा. मी म्हटलं, नको, गल्लोगल्ली कुलपं लागतील.

राग मानू नकोस. मानलास तरी पत्र लिही.

तुझी,
ताई

अवधपुरी, भोपाळ
१० मार्च २०२६

ती. सौ. स्नेहाताईस,
सा. सलाम. वि. वि.

ताई, वाईट बातमी आहे, पण शेवटपर्यंत वाच.

शनिवारी पप्पांचे मोजे धुवायला घेतले तर एका मोज्याला रक्त. विचारलं, तर आधी म्हणाले की रंग लागला असेल. मग खरं बाहेर आलं. नुक्कडवर जलेबी मिळेना म्हणून ते पार सोनागिरीच्या दुकानापर्यंत चालत जात होते. तुषारला दिसू नये म्हणून मागच्या गेटने. आणि कुणाला संशय नको म्हणून बूट न घालता घरातल्या स्लिपरवर! वाटेत खडा लागला. शुगरमुळे त्यांच्या पायाला काही जाणवतच नाही, त्यामुळे तसेच चालत राहिले. जरा भरत आलेली जखम परत उघडली आणि ती त्यांनी माझ्यापासून लपवली. स्वतःच पट्टी बांधत होते, वाकडीतिकडी. मी म्हटलं की मला का नाही सांगितलंत. तर म्हणाले की तू अजून एक कुलूप लावलं असतंस.

मला रडायलाच आलं. जलेबीचं सोड, त्यांनी मला पाय दाखवला नाही, हे जास्त लागलं.

मग मी खूप विचार केला. देवाने एदेन बागेच्या मधोमध ते झाड लावलं. सांगितलं की याचं फळ खाऊ नका, का ते पण सांगितलं. पण कुंपण घातलं नाही. घालता आलं नसतं का त्याला? त्याला आवरलेला माणूस नको होता, स्वतःला आवरणारा पाहिजे होता. म्हणून मी कुलूप काढलं, किल्ली पप्पांना दिली, भैयाला सांगितलं की तुम्ही मोकळे. तुषारला पण सुट्टी. पप्पांनी त्याच दुपारी माझ्यासमोर दोन पेढे खाल्ले. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

मला खात्री आहे की हे बरोबर आहे. आईला नीट समजावून सांग. माझ्यावरचा लोभ या महिन्यात जरा जास्त लागणार आहे.

तुझा,
सत्या

नाशिक
१६ मार्च २०२६

सत्या,
आशीर्वाद आहेत, पण रागावून.

आदामने खाल्लं होतं, बाळा! ती गोष्ट तू अर्ध्यावरच बंद केलीस का? आई दोन घास जेवत नाहीये. बॅग भरायला काढली होती, मी हाताला धरून बसवलं. अंगठा गेला तर तुझं तत्त्व काय चाटायचं आम्ही?

रात्रभर मी मनात तुझ्याशी भांडले. बाळाला पाजता पाजता ती गोष्ट पुढे आठवत गेले. त्यांनी खाल्लं, मग लपून बसले, अगदी मोज्यात रक्त लपवावं तसे. आणि देव काय करतो? संध्याकाळच्या गार वाऱ्यात तो बागेत येतो आणि विचारतो की तू कुठे आहेस. त्याला माहीत नव्हतं का? तरी आला, तरी विचारलं. कुंपण घातलं नाही हे खरं, पण किल्ली टाकून निघून पण गेला नाही. तू हात मांडीखाली घालून बसलास, म्हणजे संपलं का तुझं काम?

कुलूप परत लाव असं मी म्हणणार होते. आता नाही म्हणत. पण तू रोज जा त्यांच्याजवळ. भाषण नको. तुला ते जमेल का, याचीच मला शंका आहे.

मायेत कमी नाही, एवढं लक्षात ठेव.

ताई

अवधपुरी, भोपाळ
२७ मार्च २०२६

चि. सौ. स्नेहास,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, पण माझ्या अंगठ्यावर तुम्ही भावंडं एवढी लिहिताय, तर मालकानेही चार ओळी लिहाव्यात.

कुलूप निघाल्यावर मी खाल्लं, खोटं बोलत नाही. पण सत्या समोर बसून बघतो आणि काहीच म्हणत नाही, त्याने सगळी चवच जाते. चोरून खाण्यात निम्मी गोडी असते, हे मला या वयात कळलं. प्लांटमध्ये सेफ्टीचा साहेब यायचा तेव्हा आम्ही हेल्मेट घालायचो, तो वळला की काढून ठेवायचो. मग आमच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये एकाचं डोकं फुटलं. त्या दिवसापासून साहेब असो नसो, माझं हेल्मेट डोक्यावर. डोकं माझं होतं ना. पायही माझाच आहे, हे मी मधल्या काळात विसरलो होतो. आता नुक्कडवर जातो, बूट घालून, आणि पोहे खाऊन परत येतो. भैया रोज जलेबीकडे बघून माझ्याकडे बघतो. मी त्याच्याकडे बघत नाही.

मात्र एक काम माझ्याने होत नाही. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे तळवा मला दिसत नाही. म्हणून सत्याला मी स्वतः बोलावून सांगितलं की पाय रोज बघायचे, तेवढा अधिकार तुझा. बाकी घरात राज्य माझं. तो लगेच हो म्हणाला. रोज संध्याकाळी कोमट पाणी घेऊन खाली बसतो, पाय धुतो, मोबाईलचा उजेड पाडून बघतो. डॉक्टर काल म्हणाले की जखम भरायला लागली आहे, अंगठा राहील. बूट घालून नाशिकला यायची परवानगी दिली आहे. तुझ्या आईला म्हणावं, बॅग परत ठेव आणि जेव.

परवा वरच्या मजल्यावरच्या अमोलच्या मुलीचा वाढदिवस झाला. पोरीने स्वतःच्या हाताने केक भरवला, नाही म्हणवलं नाही. सत्या पाय पुसत होता तेव्हा मीच त्याला सांगितलं. त्याने वर बघितलं, तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा एदेन बागेपासून सुरू करणार. पण त्याने तोंड मिटलं, बोटांच्या मधली जागा नीट कोरडी केली आणि दुसरा पाय मागितला.

नातीला आजोबाचा आशीर्वाद. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा,
पप्पा (विलास)