उलटा बसवलेला फिल्टर

रवि. १ फेब्रु.
मृण्मयीच्या गाडीचा एअर फिल्टर काढला. धुवायची वेळ झाली नव्हती, पण काल मंडईला नेली तेव्हा चढावर गाडी दमल्यासारखी वाटली. हा कापडी फिल्टर, धुऊन, तेल लावून पुन्हा वापरायचा. एरवी निघते ती कर्वे रस्त्याची धूळ, काळी आणि तेलकट. या वेळी राखाडी. पिठासारखी. चिमटीत चोळली तर कचकच.
मृ. म्हणाली, "क्रशरची असेल, बाबा. रोज तिकडेच आहे मी."
खराडीच्या ऑफिसातून तिला नगर रस्त्याने पुढे एका खडी क्रशरवर पाठवतात. हवेतली धूळ मोजायचं मशीन तिथल्या ऑफिसच्या गच्चीवर लावलंय.
धुवायचं औषध फवारून थोडा वेळ ठेवला, मग बारीक धारेने आतून बाहेर धुतला. उलटं केलं तर घाण आणखी आत जाते. बादलीतलं पाणी सिमेंट कालवल्यासारखं. शैला म्हणाली, "ते माझ्या कुंड्यांना घालू नका." गॅलरीत सावलीला ठेवलाय. आज गाडी बंद.

सोम. २ फेब्रु.
सकाळी तेल लावलं. प्रत्येक घडीवर एक बारीक रेघ. लाल तेल हळूहळू पसरतं, मग पांढरं राहिलेलं दिसतं, तेवढ्यावर पुन्हा. जास्त झालं तर पुढच्या सेन्सरला चिकटतं. मृ. चहा घेऊन शेजारी उभी.
"मशीनमध्येही असंच असतं बाबा. पांढरा कागद. दिवसभर त्यातून हवा ओढायची. संध्याकाळी काढला की लादी पुसलेल्या फडक्यासारखा."
"मग तसं लिहायचं."
"लिहिलं. साहेब म्हणतात, वारा चुकीचा होता, पुन्हा मोज."
"वाऱ्याला चुकीचं म्हणणारा साहेब मी पहिल्यांदाच ऐकतोय."
हसली. पण कप अर्धा ठेवून गेली.
फिल्टर बसवला, चारही क्लिपा लावल्या.

शुक्र. ६ फेब्रु.
मृ. घरी आली ती तक्रार घेऊनच. गाडी ओढत नाही, आवाजही वेगळा. बॉनेट उघडलं. फिल्टरच्या पेटीची एक क्लिप उघडी. फिल्टर तिरका. आणि आतल्या बाजूला, जिथे स्वच्छ हवेशिवाय काही जाता कामा नये तिथे, रेती. बारीक, राखाडी. नळीत पुढपर्यंत.
शै. म्हणाली, "तुमच्याच हातून राहिली असेल. गॅस बंद केला का, हे दिवसातून किती वेळा विचारता."
जेवताना मृ.ला विचारलं, गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात होती का.
"क्रशरच्या पहारेकऱ्याने चावी मागितली होती. आत सावलीत लावतो म्हणाला."
"किती वेळ?"
"माझं वरचं काम होईपर्यंत."

शनि. ७ फेब्रु.
पेटी, नळी ओल्या फडक्याने पुसली. सेन्सर साफ केला. इंजिनात किती गेली ते आता इंजिनच सांगेल. चालू करून बराच वेळ ऐकत उभा होतो. बारीक खरखर आहे. किंवा मला ती ऐकायची आहे म्हणून ऐकू येते.
सोमवारचं आठवायचा प्रयत्न करतोय. क्लिपा लावल्या हे लिहिलेलं आहे. पण लिहिलं म्हणजे केलं असं थोडंच. कारखान्यात तपासणी खात्यात होतो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातांवर संशय घेतला. आता स्वतःच्या.
फिल्टर पुन्हा धुऊन वाळत ठेवलाय.

रवि. ८ फेब्रु.
शै. विहारातून आली तशी तिला खाली नेलं. म्हटलं, शेवटची क्लिप तू लाव. "मला काय कळतं त्यातलं," म्हणत लावली. खट्ट वाजली. "आता माझ्यावर ढकला," म्हणाली. चारही मी पुन्हा दाबून पाहिल्या. मी तसं करताना तिने पाहिलं.

मंगळ. १० फेब्रु.
दूध आणायला खाली गेलो तर सोसायटीचा वॉचमन सांगतो, काल एक जण मोटारसायकलवर आला होता. आपल्या गाडीजवळ उभा राहून विचारत होता, या गाडीच्या मॅडम कितव्या मजल्यावर.
"मग?"
"तिसऱ्या, म्हटलं. कुरियर होतं ना."
"कुरियर कुठंय?"
कुरियर काही आलेलं नाही.
मृ.ला सांगितलं. लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "पत्ता काय, कुणालाही मिळतो." आवाज अगदी सरळ. लहानपणी ताप असताना "मला काही होत नाहीये" म्हणायची, तो आवाज.
शै.ला सांगितलेलं नाही.

गुरु. १२ फेब्रु.
मृ. आज पुन्हा मोजून आली. आकडा आधीच्यापेक्षा वाईट. मी किल्ली घेऊन थेट खाली.
चारही क्लिपा नीट लावलेल्या. जरा हायसं वाटलं. तरी उघडलं.
फिल्टर उलटा. वरची बाजू खाली. रबराची कड दाबून, चेपून बसवलेला. रेती नाही, काही नाही. पेटी चक्क पुसलेली.
म्हणजे उघडली, उलटा घातला आणि व्यवस्थित बंद केली. नुकसान करायचं नव्हतं त्यांना. उघडणाऱ्याला कळावं, एवढंच.
वर आलो. मृ. म्हणाली, चावी या वेळी दिली नव्हती. पर्समध्ये होती. पर्स खाली खुर्चीवर, ती गच्चीवर.
शै.ने सगळं ऐकलं. त्या दिवशी क्लिप तिने लावली होती, त्यामुळे तिला माझ्याकडून काही समजावून घ्यावं लागलं नाही. खाली बसली. कणीक मळलेले हात तसेच मांडीवर.
चौकीत जावं का? जाऊन सांगायचं काय? साहेब, आमचा फिल्टर कुणीतरी उलटा बसवला. चहा पाजून परत पाठवतील.

शनि. १४ फेब्रु.
शेवटी शै. बोललीच. "त्यांना हवा तो आकडा लिही आणि मोकळी हो. दुसरी नोकरी बघू."
मृ.ने वाद घातला नाही. म्हणाली, "आई, त्या गच्चीवरून शाळा दिसते. मधल्या सुट्टीत पोरं डब्यावर रुमाल धरून जेवतात. एका हाताने रुमाल, एका हाताने घास. सवय झालीय त्यांना."
शै. उठून आत गेली. थोड्या वेळाने आतून म्हणाली, "मग मशीन तरी दुसऱ्या कुणाला आणायला सांग."
दुसरं कुणी जायला तयार नाही. ऑफिसातल्या दोघांकडे अचानक लग्नं निघालीयत. अहवाल तिने पाठवलाय, आकडा आहे तोच. सोमवारी मशीन काढून आणायचं, की तिकडचं काम संपलं.
"मी येतो," म्हटलं.
"तुम्ही काय करणार तिथे?"
"गाडीत बसेन."
नको म्हणाली नाही. त्यानेच जास्त धास्ती वाटली.

सोम. १६ फेब्रु. गाडीत
क्रशरच्या फाटकाबाहेर उभे आहोत. म्हणजे मी. मृ. आत गेलीय. "पाचच मिनिटं" म्हणाली, त्याला बराच वेळ झाला. हात रिकामे राहू नयेत म्हणून लिहितोय.
समोरच्या झाडाचं पानन् पान राखाडी. काच खाली केली तर दातांत कचकचतं.
पहारेकरी आला. "काका, गाडी आत घ्या, नायतर चावी द्या, मी घेतो."
"इथं बरी आहे."
"आत सावली हाय."
"मला ऊन चालतं."
हसून गेला.
मघाशी मृ. गच्चीवर दिसली. मशीनवर वाकलेली. तिने हात केला, मीही केला. मग जिन्याकडे वळली. त्यानंतर नाही.
क्रशर थांबला. इतका वेळ कानात होता हे थांबल्यावर कळलं. जेवणाची सुट्टी असेल. पण माणसं बाहेर येताना दिसत नाहीत.
फोन लावला. पूर्ण वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. तेच.
पहारेकरी परत येतोय. बरोबर आणखी एक जण, मोटारसायकलवरून उतरून.
"काका, मॅडमनी आत बोलावलंय. मशीन जड हाय म्हनत्यात."
ते मशीन ती एकटी तीन मजले चढवते. मी हात लावायला गेलो तर ओरडते.
"फोनवर सांगायला सांगा तिला," म्हटलं.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पहारेकऱ्याने हात दारावर ठेवलाय. दुसरा बॉनेटला टेकून उभा. मी काय लिहितोय ते बघतायत. घाई नाही त्यांना.
शै.ला आम्ही कुठे आहोत ते पाठवलं. मृ.ला तिसऱ्यांदा फोन लावला. वाजतोय. आत कुठेतरी खरंच वाजतोय, इथपर्यंत ऐकू येतंय.
उतरतोय.