बाहेर जाण्याचा मार्ग

३ नोव्हेंबर १९५८, भूम. सकाळी.
आजपासून रोजनिशी. जबाबदारीच्या जागेवरच्या माणसाला ही सवय पाहिजेच. टॉकीजचा मॅनेजर होऊन मला चौथा महिना. मालक सिद्रामप्पा शेठ काल सगळ्यांसमोर म्हणाले, गोपाळराव, फुकटे असेच घुसत राहिले तर तुम्ही आपले परत आडतीवर वह्या लिहायला जावा. मला आडतीवर जायचं नाही. तिथं धुरळा फार.
फुकट्यांची रीत अशी. बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ. एक जण तिकीट काढून आत जातो, अंधार झाला की बाजूच्या दाराची कडी काढतो, आणि अख्खं गाव आत. हटकलं तर म्हणतात, आमचे पाव्हणे हायत.
उपाय ठरला. बाजूची दोन दारं आणि बायकांचं मागचं दार, तिन्हीला बाहेरून कुलपं. पुढच्या दारालाही खेळ सुरू झाला की कुलूप. किल्ल्या माझ्या कमरेला.

६ नोव्हेंबर. बाजार.
पूर्ण यश. एक पाव्हणा आत आला नाही. शेठ माझ्याकडं बघून हसले. निदान दात दिसले.
शामला शेजारणींना घेऊन आली होती. मॅनेजरची बायको म्हणून तिला पास आहे. ते फुकट नव्हे. घरी आल्यावर विचारते, अहो, आत आग लागली म्हणजे? म्हटलं, बायकांनी सिनेमा बघावा, मॅनेजमेंट आमच्यावर सोडावी. जेवताना आमटीत मीठ नव्हतं. विसरली असेल.

११ नोव्हेंबर. दुपारी.
घात. उस्मानाबादहून कलेक्टर कचेरीतले इन्स्पेक्टरसाहेब आले. महिनाअखेर लायसन संपतंय ना. कुलपं बघून म्हणाले, ही टॉकीज आहे का जेल? खेळ चालू असताना दारं आतून उघडली पाहिजेत, नाहीतर नवं लायसन विसरा. अठ्ठावीसला परत येतो.
ते गेल्यावर शेठ मला म्हणाले, लायसन बी पायजे आन् फुकटा बी नको. जमतंय का न्हाय ते बोला.
जमतंय, म्हणालो. कसं, ते सुचेलच.

१२ नोव्हेंबर.
सुचलं! पेंटर बोलावला. चारी दारांवर लाल अक्षरांत ‘बाहेर जाण्याचा मार्ग’, खाली बाण. अक्षर सुरेख आलंय. कुलपं तशीच. निम्मा नियम तरी पाळला गेला.
शामला बघून म्हणाली, मार्ग लिहिलाय खरा, पण हाय कुठं? हिला कौतुक म्हणून ठाऊक नाही.

१३ नोव्हेंबर. बाजार.
नवी योजना. कुलपं आतून, आणि प्रत्येक किल्ली आतल्या बाजूला खिळ्याला. आग लागली तर ज्यानं त्यानं उघडावं. साधी, सुटसुटीत.
संध्याकाळी. मध्यंतराच्या आत एक किल्ली पाव्हण्यांसाठी वापरली गेली. खेळ संपेपर्यंत कुलूपही गेलं. दारावरच्या बब्रुवानला झापलं. तर मला विचारतो, सायेब, म्या दाराकडं बघू का पडद्याकडं? असली माणसं घेऊन काम करायचंय.
कुलपं पुन्हा बाहेरून. तात्पुरती.

१८ नोव्हेंबर.
झोप नीट लागत नाही. चहा कमी करायला हवा. सकाळपासून टॉकीजला चार फेऱ्या मारल्या, दारं मोजली. चारच आहेत.
पेपरात वाचलं की मोठ्या कारखान्यांत आगीची तालीम घेतात. लोकांना आधीच सवय लावायची म्हणजे वेळेवर घोळ नाही. इन्स्पेक्टर खूष, लायसन पक्कं. भूममध्ये हे करणारा मी पहिलाच.

२० नोव्हेंबर. बाजार. संध्याकाळी.
तालीम घेतली. ऐन खेळात उभा राहिलो आणि शांत, धीरगंभीर आवाजात म्हणालो, आग लागली आहे, कृपया बाहेर चला.
कुणी उठेना. मागून एक जण ओरडला, थांबा जरा, ही मारामारी होऊ द्या. दोघं-चौघं उठले ते जागेवर पटके टाकून उठले, आणि पटक्यावर दुसरं कुणी बसेल म्हणून परत बसले. बायकांचं मागचं दार अडगळीनं अडलेलं, ते उघडेना. पुढून चला म्हटलं, तर आमच्या शेजारच्या म्हाळसाबाई म्हणाल्या, समद्या बाजाराच्या पुढ्यातनं पुरुषांच्या दारानं जाऊ व्हय? मेलं तरी न्हाय.
एवढ्यात बब्रुवाननं माझ्या हुकमाप्रमाणं, मीच दिलेल्या किल्ल्यांनी, बाजूची दारं उघडली. बाहेर टपलेले सगळे पाव्हणे आत. हॉल रिकामा करायच्या तालमीनंतर हॉलमध्ये आधीपेक्षा जास्त माणसं.
एकंदरीत तालीम यशस्वी. दारं उघडतात हे सिद्ध झालं.

२३ नोव्हेंबर.
दुसरी तालीम. आता लोकांना सवय झाली आहे. मी उभा राहिलो की तेच ओरडतात, आग लागली आहे, कृपया बाहेर चला. शिट्ट्याही. मला वाटतं, माझ्याबद्दल आपुलकी वाढत्येय.
मागच्या दाराची अडगळ काढायची राहिली. उद्या.

२७ नोव्हेंबर. बाजार. सकाळी.
नवं रीळ आलंय, गर्दी तुफान होणार. शेठ स्वतः दारावर बसणार. तेव्हा आजच्या दिवस सगळी कुलपं. उद्या इन्स्पेक्टर यायच्या आत काढून टाकीन. अडगळही उद्याच.

त्याच दिवशी. संध्याकाळी.
अक्षर वाकडं येतंय. गारठा आहे.
मशीनच्या खोलीत रीळ पेटलं. मी समोर चहा घेत होतो. पत्र्याखालून धूर दिसला. धावलो. किल्ल्या सगळ्या सारख्याच. पुढच्या वेळी रंग लावावा. पहिली लागेना, दुसरी लागेना. शेठ काय ओरडत होते कळलं नाही. डोक्यात एकच, शामला आत आहे. मीच तिला आत घालून कुलूप लावलंय.
शेवटी पुढचं दार उघडलं. आग, आग म्हणून ओरडलो. तर सगळी टॉकीज हसायला लागली. कृपया बाहेर चला, म्हणून कोरसही सुरू. धुराचा वास त्यांना विड्यांचा वाटला असावा. मी हात जोडले, तरी हसतात. एकानं तर शाबास म्हटलं.
मग बायकांतून शामला उठली. शेजारणींना म्हणाली, उठा गं, ह्यांचा आवाज असा फाटलेला मी कधीच ऐकला न्हाय, खरंच आग हाय. आणि पदर खोचून निघाली ती सरळ पुरुषांच्या दारानं, सगळ्या बाजारासमोर. मागून म्हाळसाबाई. मागून बाकीच्या. बायका निघाल्या म्हटल्यावर पुरुषही उठले. पाठोपाठ मल्लिनाथ ऑपरेटर, भुवया जळलेला.
कुणाला काही झालं नाही. मशीन गेलं, पडद्याचा कोपरा गेला.
आवाज मी मुद्दामच तसा काढला होता. शामलाला सांगितलं. ती व्हय म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवून बसली. बराच वेळ.

२८ नोव्हेंबर.
इन्स्पेक्टरसाहेब आले. कुलपं त्यांनी स्वतःच्या हातानं गोळा केली, जीपमध्ये टाकली. लायसन देतो म्हणाले, पण एका अटीवर. खेळ चालू असेल तोवर मॅनेजरनं हॉलच्या मधोमध बसायचं, सगळ्या माणसांत. बाहेर चहा नाही.
शेठ लगेच म्हणाले, बसतील की.
माझ्या अनुभवाची कदर झाली असं म्हणायला हरकत नाही.

१८ डिसेंबर. बाजार.
भाड्याचं मशीन आलं, खेळ सुरू. मधोमध बसलो. दिवे मालवले, बब्रुवाननं दार ओढून घेतलं. नुसतं ओढलं, कडीही नाही. मला माहीत आहे कडी नाही. तरी उठून बघून आलो. परत बसलो. पडद्यावर कोण कुणाचा भाऊ, काही समजेना. परत उठलो. शेजारचा म्हणाला, सायेब, बसा की गुमान.
शेवटी जाऊन चारी दारं सताड उघडून ठेवली. ऊन थेट पडद्यावर आलं, लोकांनी शिव्या घातल्या. पाव्हणे आले. आठ, दहा, मग मोजलं नाही. शेठ दारावरनं बघत होते.
त्यांनी विचारलं तर सांगितलं, उकडत होतं.
लोक घोंगड्या पांघरून बसले होते.