बिडाचा तवा आणि कुलूपबंद संगणक

मी, लॉर्ना हाउगेन, वय वर्षे ६८, राहणार डुलुथ, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. फुप्फुसं गेली आहेत, डोकं जागेवर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणाऱ्यांचं काय होतं ते गावाला ठाऊक आहे. यापूर्वीची तिन्ही मृत्युपत्रे, ज्यांत माझा धाकटा भाऊ आर्लो माकी याला काहीही मिळू नये असे लिहिले होते, ती मी रद्द करते.

१. बर्फ उडवायचं यंत्र शेजारी व्हर्नन पेराला यास. त्याने दोनदा आमच्या कुंपणावर ट्रक घातला, मी कुऱ्हाडीने त्याच्या ट्रकची काच फोडली. फिटंफाट झाली. मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

२. संगणक. यावर लिनक्स ही प्रणाली आहे, आणि तिचा गाभा कुलूपबंद आहे. मालकिणीलाही तिथे ढवळाढवळ करता येत नाही. अपडेटने घोळ घातलाच तर एका हुकुमात तो कालच्या स्थितीला परततो. रोजची कामं कंटेनरमध्ये, म्हणजे गाभ्यापासून वेगळ्या ठेवलेल्या जागांत. मी त्यांना डबे म्हणते. डबा नासला की फेकायचा, नवा उघडायचा.

माझा नवरा रॉइस याची शेवटची दोन वर्षं वाचा गेली होती. तो जे काही बोलला ते यावर टाइप करून बोलला: शिव्या, विनोद, माझ्या सूपची निंदा. ते सगळं मी माझ्या फोल्डरमध्ये जपलं होतं.

३. रॉइस गेल्यावर पाच महिन्यांनी आर्लो संगणक शिकायला आला. कागदगिरणी बंद पडून त्याची नोकरी गेली होती. मी त्याला एक डबा उघडून दिला.

"अगं, पण माझ्या हातून काही बिघडलं तर?"

"डब्यात तोड, फोड, जाळ. बाहेर ओरखडाही उठणार नाही."

"सगळं पुसलं तरी?"

"पूस की! त्याशिवाय तुझ्या डोक्यात प्रकाश पडायचा नाही."

मी कॉफी करायला गेले. त्याने पुसलं. असला डबा वेगळा दिसला तरी मालकाच्या फोल्डरपुरती त्याला भिंत नसते. आत पुसलं की बाहेरचंही जातं. रॉइसची दोन वर्षं गेली. बॅकअपची डिस्क मी त्याच फोल्डरमध्ये जोडून ठेवली होती, तीही कोरी झाली. गाभा मात्र जसाच्या तसा.

मी बिडाचा तवा उचलला. पहिला घाव खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. दुसरा कानावर. तो पडला तरी मी लाथा घालत होते. त्याने एकदाच हात चालवला, त्यात माझे दोन दात गेले.

"बस गं लॉर्ना! मरेन मी!" तो रक्त थुंकत म्हणाला.

"मर! रॉइसला दुसऱ्यांदा मारलंस तू!"

इस्पितळात त्याने बर्फावर घसरलो म्हणून सांगितलं. त्याचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. गेली सहा वर्षं दर ख्रिसमसला तो माफी मागणारं पत्र पाठवतो. मी एकालाही उत्तर दिलं नाही.

४. घर, बोट, बँकेतली शिल्लक आणि संगणक, सर्व आर्लोला.

ही दया नव्हे. रिकामा फोल्डर पाहिला त्या क्षणीच, तवा उचलण्याआधी, चूक कोणाची ते मला कळलं होतं. डब्याला भिंत नसते हे मी दुसऱ्यांना बजावत आले होते, आणि आर्लो, तुला पूस म्हणून मीच सांगितलं. ते कबूल करण्यापेक्षा तुझं हाड मोडणं मला सोपं गेलं. तुझी काही चूक नव्हती. जिवंतपणी हे तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

व्हर्नन, त्याला आधी हे वाचून दाखव. घराचं नंतर सांग.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

सही: लॉर्ना हाउगेन

साक्षीदार: १. जोलीन स्टॅडलर, परिचारिका (सही)
२. डेल ओक्सानेन, टपालवाला (सही)

डुलुथ, दिनांक ११ मार्च २०२६