पंधरा सेकंदांनंतरचं कडवं

प्रिय फुसाएताई,

हाचिनोहेत बर्फ पडायला लागलं असेल. इथे तोक्योत नुसती कोरडी थंडी आहे, आणि थंडी पडली की मी सुपरमार्केटात जायचं टाळते. काल मात्र घरात कांदासुद्धा नव्हता. गेले, तर स्टूच्या मसाल्याच्या वड्या ठेवलेल्या फळीवर एक छोटा स्पीकर, आणि त्यातून माझाच अठ्ठाविशीतला आवाज: ‘आई, मी आले, काय शिजतंय आज?’ पंधरा सेकंद झाले की पुन्हा पहिल्यापासून. शेजारी एक पोरगी तेच गुणगुणत होती. तिची आई वैतागून म्हणाली, “पुरे गं, कान किटले.” मी एकटीपुरता कांदा-बटाटा घेतला. पैसे घेणारी मुलगीही गाणं गुणगुणतच माझ्या हातात पिशवी देऊन मोकळी झाली. खरं सांगू, इतकं एकटं मला रिकाम्या घरातसुद्धा वाटत नाही.

तुला हे गाणं आवडत नाही, माहीत आहे. टीव्हीवर लागलं की तू उठून बटण बंद करतेस, हे तोकुजीने मला केव्हाच सांगितलंय. आपल्या या मावसभावाच्या पोटात काही राहतं का? आईच्या तेविसाव्या वर्षश्राद्धाचे मंत्र झाले, पुजारी गेले आणि सगळे जेवायला बसलो, तो दिवस मी अजून विसरलेली नाही. मावशी म्हणाली, “आली बघा आमची स्टूवाली.” सगळे हसले, मीही हसले. तू भात वाढत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, “आईला पंधरा सेकंदांत विकून मोकळी झाली बाई.” मग कोणी हसलं नाही. तेव्हापासून आपल्यात नववर्षाचं कार्ड तेवढं येतं-जातं. तुझ्या कार्डावर पंचांगातला त्या वर्षाचा प्राणी छापलेला असतो, हाताने लिहिलेली एक ओळ नसते. मी तरीही ते उलटंसुलटं करून बघते.

जाहिरातीचं गाणं कसं होतं ते तुला सांगायची वेळच आली नाही. कंपनीला पंधरा सेकंद हवे असतात. त्यापुढे गाणं असलं काय नि नसलं काय. पुष्कळ जणी तेवढाच तुकडा करून देतात आणि जाहिरात गाजली तर पुढचं लिहायला बसतात. माझं मात्र आधीच पूर्ण लिहून झालं होतं. त्यांनी तोंड कापून नेलं आणि धड माझ्याकडे राहिलं. अख्ख्या गाण्याची सीडी मी तुला पाठवली होती. ती तू पाकीट न फोडता परत पाठवलीस, सोबत तुझ्या मासळीच्या कारखान्यातलं सुकं माकूळ मात्र ठेवलंस. राग धरावा तर असा. मी आठवडाभर ते माकूळ भाजून खात होते आणि रडत होते.

गेल्या महिन्यात अतामीच्या एका हॉटेलात गायले, लोकांच्या जेवणाच्या वेळी. “ते स्टूचं होऊन जाऊ दे,” अशी फर्माईश आलीच. पंधरा सेकंद झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ताटाकडे वळले. त्यांना वाटलं, संपलं. दुसरं कडवं मी ताटल्यांच्या आवाजात म्हटलं. नेहमी असंच होतं. एवढ्या वर्षांत ते कडवं नीट ऐकलेलं माणूस मला भेटलेलं नाही.

त्या कडव्यात हाकेला आई ओ देत नाही. ओ देते ती सतरा वर्षांची मुलगी. आईचं ॲप्रन तिला पायघोळ होतं, हातांना माकुळाच्या कारखान्याचा वास आहे, आणि ती म्हणते, “आधी हात धुऊन ये, नाहीतर काही मिळायचं नाही.” धाकटीला भरून वाढते आणि स्वतः पातेलं पुसून खाते. ताई, गाणं आईचं नव्हतंच. आईचा चेहरासुद्धा मला धड आठवत नाही. शाळेतून आल्यावर मला दिसायचीस ती तू. हे तुझं तुला कळायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं. आणि मीच येऊन सांगावं, असं तुला वाटत राहिलं असेल. शेवटी दोघी एकाच आईच्या.

परवा तोकुजीचा फोन आला. म्हणाला, “ताईला हाक मारून आता काही उपयोग नाही गं, खांद्याला हात लावावा लागतो.” कारखान्याच्या यंत्रांनी तुझा डावा कान केव्हाच नेला, उजव्यात थोडंसं उरलंय आणि तेही फार टिकायचं नाही, असं डॉक्टर म्हणतात. तू मला यातलं काही कळवलं नाहीस. मी फोन ठेवला आणि गाडीचं तिकीट काढलं. शनिवारी दुपारी येते आहे. गिटार आणत नाही. तुला रागावून राहायचं असेल तर राहा, बोलू नकोस, माझ्यासाठी काही रांधूही नकोस. फक्त मला तुझ्या उजव्या बाजूला बसू दे. मी अगदी कानाशी तोंड आणून ते कडवं म्हणेन, आणि नाही ऐकू आलं तर पुन्हा म्हणेन.

तुझीच धाकटी,
चिगुसा